अपघात कुणाच्या हद्दीत? पुण्याच्या सीमारेषा आणि आकड्यांचा इतिहास

१/ पुण्यातले रस्ते अपघात वाढले की घटले, हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : कोणते पुणे? पेठांचे, महानगरपालिकेचे, पोलीस आयुक्तालयाचे की जिल्ह्याचे? या चारही पुण्यांच्या सीमा निराळ्या आहेत आणि त्या वारंवार हलल्या आहेत. हद्द हलली की आकडा हलतो. रस्ता मात्र जागच्या जागी असतो. आजचा धागा या हद्दींविषयी.

२/ सुरुवात पेठांपासून. पेशवाईत पेठ वसवली जाई ती व्यापार वाढावा, वस्ती व्हावी, कर नीट वसूल व्हावा म्हणून. शेटे-महाजनांकडे तिची व्यवस्था असे. पूर्वेकडच्या पेठांना नागझरीने वेगळे केले होते. ओढा ही सोयीची सीमा, कारण ओढ्यावर कुणी राहत नाही आणि तिथे कर वसूल करायचा नसतो.

३/ पुढे शहर दाटले आणि ओढ्यांची जागा रस्त्यांनी घेतली. लक्ष्मी रस्त्याच्या एका बाजूला नारायण पेठ, दुसऱ्या बाजूला सदाशिव पेठ. आता याच रस्त्यावर मधोमध दोन वाहनांची टक्कर झाली, तर ती कुठल्या पेठेची? नोंदवहीत एकच रकाना असतो. लिहिणारा कुठले तरी एक नाव लिहितो आणि दुसरी पेठ कागदोपत्री सुरक्षित ठरते.

४/ प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण अपघातांचे गणिती प्रारूप याच ठिकाणी अडखळते. अभ्यासक शहराचे विभाग पाडतात. प्रत्येक विभागाची लोकसंख्या, रस्त्यांची लांबी, वाहनांची वर्दळ मांडतात आणि त्यांचा अपघातांशी संबंध शोधतात. वाहतूक नियोजनातल्या विभागांच्या सीमा बहुधा मोठ्या रस्त्यांवरूनच आखलेल्या असतात. गंभीर अपघातही मोठ्या रस्त्यांवरच अधिक होतात. म्हणजे जे मोजायचे, ते नेमके रेषेवर येऊन पडते.

५/ समजा, सीमेवरच्या एका रस्त्यावर वर्षात १२ अपघात झाले. ते सगळे डावीकडच्या विभागात धरले तर तो विभाग धोकादायक ठरतो. निम्मे-निम्मे वाटले तर दोन्ही साधारण ठरतात. दोन्ही बाजूंना पूर्ण मोजले तर शहराची बेरीज फुगते. तिन्ही पद्धती वापरात आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येतात.

६/ हा पेच जुना आहे. १९३४ मध्ये गेल्के आणि बील या अमेरिकी अभ्यासकांनी क्लीव्हलँड शहराच्या २५२ जनगणना विभागांत घरभाडे आणि बालगुन्हेगारी यांचा संबंध तपासला. मग शेजारचे विभाग जोडत त्यांनी ते २५ वर आणले. माहिती तीच होती, तरी सहसंबंध सुमारे ०.५० वरून ०.७६ पर्यंत (ऋण दिशेने) वाढला. विभाग मोठे केल्यानेच संबंध घट्ट दिसू लागला.

७/ १९७९ मध्ये ओपनशॉ आणि टेलर यांनी याची परिसीमा दाखवली. आयोवा राज्याच्या ९९ कौंटींचे गट वेगवेगळ्या प्रकारे पाडून त्यांनी वृद्धांचे प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाचे मतदान यांचा संबंध काढला. तो जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत कुठेही नेता येत होता. भूगोलात याला बदलत्या क्षेत्र-एककाचा प्रश्न म्हणतात.

८/ आता पुन्हा पुण्यात. महानगरपालिका स्थापन झाली १५ फेब्रुवारी १९५० रोजी. २००७ च्या निवडणुकीत एकसदस्यीय १४४ वॉर्ड होते. २०१२ मध्ये द्विसदस्यीय ७६ प्रभाग. २०१७ मध्ये ४१ प्रभाग. दहा वर्षांत शहराचे तुकडे तीनदा निराळ्या तऱ्हेने पडले. शिवाय प्रभाग लोकसंख्या समान राहावी म्हणून आखतात. त्यामुळे दाट वस्तीचा प्रभाग आटोपशीर असतो आणि विरळ वस्तीच्या उपनगरातला ऐसपैस. अशा प्रभागातून महामार्ग गेला, तर त्याचा आकडा रहिवाशांपेक्षा वाटसरूंविषयीच अधिक सांगतो.

९/ अपघाताची नोंद मात्र पोलीस ठाण्यात होते आणि ठाण्यांचा नकाशा प्रभागांशी जुळत नाही. पुणे पोलीस आयुक्तालय १९६५ चे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे झाले. २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी ग्रामीणमधून शहराकडे आली. सोलापूर रस्ता आणि नगर रस्ता यांवरची ही ठाणी. २०१७ आणि २०२२ चे ‘पुणे शहर’ हे आकडे शेजारी ठेवून कुणी यशापयशाचा निवाडा केला, तर तो दोन निराळ्या शहरांची तुलना करत असतो.

१०/ पुणे आणि खडकी या छावण्या महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांचा कारभार छावणी मंडळांकडे. दुचाकीस्वार एका फेरीत दोन-तीन कारभार ओलांडतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

११/ सर्वांत बोलके उदाहरण नवले पुलाचे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की महामार्ग पुलापर्यंत सलग उतरत जातो. वाटेत जांभूळवाडी, आंबेगाव, नऱ्हे. आंबेगाव बुद्रुक महापालिकेत आले २०१७ मध्ये; नऱ्हे आणि जांभूळवाडी २०२१ मध्ये. उतार एकच, पण हद्दीत तो तुकड्यातुकड्याने आला. अवजड वाहनाचे ब्रेक वरच्या उतारावर तापतात आणि टक्कर खाली होते. कारण एका विभागात, नोंद दुसऱ्या विभागात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालट्रकने तिथे कित्येक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात धडकेनंतर वाहने पेटली आणि माणसे होरपळून गेली.

१२/ ‘ब्लॅक स्पॉट’ हीसुद्धा एक हद्दच आहे. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत ५ प्राणघातक वा गंभीर अपघात, किंवा १० मृत्यू, हा तिचा निकष. समजा सहा अपघात ३०० मीटरमध्ये झाले आणि पट्ट्याची रेषा बरोबर मधून गेली, तर दोन्हीकडे तीन-तीन राहतील आणि मृत्यूंचा आकडाही दहाच्या आत असेल, तर यादीत कुणीच येणार नाही. यादीत नाव नाही म्हणजे दुरुस्तीला निधी मिळण्याची आशाही दुरावली.

१३/ उपाय आहेत. अपघाताची नोंद ठाण्याच्या नावाऐवजी अक्षांश-रेखांशाने ठेवावी. सीमेवरचे अपघात दोन्ही बाजूंच्या वाहतुकीच्या प्रमाणात वाटावेत. एकच प्रारूप दोन-तीन वेगवेगळ्या विभागण्यांवर चालवून पाहावे. जो निष्कर्ष प्रत्येक वेळी टिकेल त्यावर भिस्त ठेवावी. आणि उतारासारखा अखंड रस्ता अखंडच मोजावा.

१४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामही इथे आहे. बखर वाचताना ती कुणी, कधी, कुणासाठी लिहिली हे आपण विचारतो. तक्त्यालाही तेच विचारावे : ही रेषा कुणी आखली, कशासाठी? कर, मतदान, पोलीस बंदोबस्त यांसाठी आखलेल्या रेषांवर आपण माणसांचे मरण मोजत आहोत. म्हणून जुने वॉर्ड-नकाशे, हद्दवाढीच्या अधिसूचना, ठाण्यांच्या हद्दींचे तक्ते कुणाच्या घरी पडून असतील तर रद्दीत घालू नका. दहा वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या आकड्याशी जोडून पाहायचा असेल, तर हेच कागद लागतील.