चार बोटांचा घोडा

घोडा म्हटला की मराठी माणसाच्या मनात इतिहास जागा होतो. भीमथडीचे तट्टू, नदीपार झालेली फौज, रातोरात मारलेली मजल, हे सारे त्या एका शब्दाबरोबर चालत येते. परंतु आज ज्या घोड्याचा विचार आपणांस करावयाचा आहे, त्याच्या पाठीवर खोगीर चढणे शक्यच नव्हते. खांद्यापाशी त्याची उंची फूट-दीड फूट. पुढच्या पायांना चार-चार बोटे, मागच्यांना तीन-तीन. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, मनुष्यप्राण्याचा मागमूसही नव्हता तेव्हा, हा जीव अरण्यातील कोवळा पाला खात फिरत होता.

त्याच्या कुळाशी विद्वानांची पहिली ओळख मोठ्या चमत्कारिक रीतीने झाली. इंग्लंडात केंट परगण्यातील चिकणमातीच्या थरात एक लहानशी कवटी सापडली. रिचर्ड ओवेन या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने १८४१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आफ्रिकेत व पश्चिम आशियात हायरॅक्स नावाचा सशाएवढा प्राणी असतो. त्याच्यासारखा म्हणून ओवेनने नव्या जिवाला ‘हायराकोथेरियम’ असे नाव दिले. घोड्याशी त्याचे नाते त्याने जोडले नाही.

पुढे अमेरिकेच्या पश्चिम भागात ओथनिएल मार्श याने अश्मीभूत हाडांचा मोठा संग्रह जमविला. १८७६ साली टॉमस हक्सली हा त्याच्याकडे येल येथे आला. घोड्याचे कुळ युरोपात वाढले असे हक्सली तोवर मानीत असे. मार्शने एकेक हाड त्याच्यापुढे ठेवले, आणि हक्सलीने आपले मत मोकळेपणी सोडून न्यूयॉर्कच्या व्याख्यानांत अमेरिकेतील पुरावा मांडला. त्याच वर्षी मार्शने या इवल्या प्राण्याला ‘इओहिप्पस’, म्हणजे उषःकालीन घोडा, हे नाव दिले. कीर्तीच्या शिखरावर असताना पुराव्यापुढे मान तुकविणारा विद्वान विरळा, हे आपण जाणताच!

यानंतर मात्र एक घोटाळा झाला. पाठ्यपुस्तकांतून आणि संग्रहालयांतून एक चित्र घरोघर पोहोचले: चार बोटांचा, मग तीन बोटांचा, शेवटी एका खुराचा, लहान, मध्यम, मोठा. जणू शिडीच्या पायऱ्या! प्रत्यक्षात ती शिडी नव्हेच, ते फांद्या फुटलेले झुडूप होय. अरण्ये मागे हटून गवताळ माळ पसरले, तेव्हा काही शाखांचे दात उंच व चिवट झाले. काही शाखा पाल्यावरच राहिल्या. तीन बोटांचे आणि एका खुराचे घोडे लाखो वर्षे एकाच काळी नांदले. काही शाखा तर पुन्हा आकाराने लहान झाल्या. बखरीत गादीवर बसणाऱ्यांची नावे राहतात आणि धाकट्या पाती गळून जातात, तसेच येथे घडले.

आणि शिडीच्या टोकाला विजय असतो म्हणावे, तर तेही नाही. जेथे हे कुळ वाढले त्या अमेरिकेतून घोडा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. १५१९ साली कोर्तेसची गलबते मेक्सिकोस लागली, तेव्हा त्यांतून उतरलेले घोडे पाहून तेथील लोक चकित झाले. त्यांच्याच भूमीचे हे जनावर त्यांना परके झाले होते.

नावाचाही निकाल सरळ लागला नाही. १९३२ साली क्लाइव्ह फॉर्स्टर-कूपर याने दोन्ही प्राणी एकच ठरविले, आणि जुने नाव टिकावे या नियमाने ‘उषःकालीन घोडा’ मागे पडला. पुढे २००२ साली त्या गटाची पुन्हा फोड झाली. ज्या कवटीत ओवेनला घोडा दिसला नाही, ती घोड्याच्या चुलत शाखेतील असावी, असे आता पुष्कळ अभ्यासक मानतात.

यातून घ्यावयाचे ते एवढेच. जो शेवटी उरला त्याच्याकडे पाहून मागचा सारा इतिहास त्याच्याचसाठी घडला असे समजणे, ही भूल घोड्याच्या बाबतीत पडते, तशीच राष्ट्रांच्या आणि घराण्यांच्या बाबतीतही पडते. वरातीतील घोडीचा पाय एकदा निरखून पाहा. ती उभी असते एकेका बोटाच्या नखावर. आणि कातड्याखाली, नळीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी चिकटून, दोन बारीक हाडे असतात. ती गेलेल्या बोटांची खूण होय. गादी गेली तरी धाकट्या पातींची नोंद अशी हाडांत राहते. ती वाचणारा मात्र हवा.