कानाचे शब्द, डोळ्याचे शब्द : इंग्रजी ध्वनींच्या मराठी ग्रहणाचा इतिहास

मराठी भाषकाच्या तोंडच्या इंग्रजीचा विचार मराठी समाजात बहुतांशी शुद्धाशुद्धतेच्या परिभाषेतच झाला आहे. मूळ उच्चार कोणता, तो कितपत साधला, कोठे बिघडला, एवढेच प्रश्न त्यात संभवतात. ध्वनिविज्ञानाचा प्रश्न याहून वेगळा आहे. परभाषेतील ध्वनी कोणत्या मार्गाने आला, तो कोणत्या ध्वनिव्यवस्थेत दाखल झाला आणि त्या व्यवस्थेने त्याला कोणती जागा दिली, हे त्याला पाहावयाचे असते. या दृष्टीने कुर्ल्यासारखे ठिकाण विशेष बोलके ठरते. साष्टी बेटातील हे गाव १५३४ पासून सुमारे दोन शतके पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते; १७३७–३९ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी याच गावावरून धावली. दोन युरोपीय भाषा येथल्या कानांवर निरनिराळ्या काळी पडल्या, आणि दोहोंच्या खुणा मराठी शब्दसंग्रहात शिल्लक आहेत.

प्रथम उच्चारणाची प्रक्रिया पाहू. फुप्फुसांतून निघालेला श्वास स्वरतंतूंमधून मुखात येतो आणि तेथे जीभ, दात, टाळू, ओठ यांनी केलेल्या अडथळ्यांतून व्यंजने घडतात. मराठी 'त' उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते. 'ट' उच्चारताना ते वर वळून टाळूच्या पुढच्या भागाकडे जाते. इंग्रजी 'टी' या अक्षराचा ध्वनी या दोहोंच्या मधला आहे. जिभेचे टोक दातांमागील हिरडीच्या उंचवट्याला, म्हणजे दंतमूलाला टेकते. मराठीत या जागी स्वतंत्र स्पर्शव्यंजन नसल्याने त्याला एका बाजूला ढकलणे भाग होते, आणि मराठीने त्याला 'ट'च्या घरात बसविले. पोर्तुगीज भाषेतील याच वर्गातला ध्वनी मात्र दंत्य आहे, म्हणून तो 'त'च्या घरात गेला. फीत, इस्त्री, मेस्त्री, काडतूस, इस्पितळ हे शब्द पोर्तुगीज परंपरेतले. या सर्वांत 'त' आहे. 'कप्तान' आणि 'कॅप्टन' ही जोडी तर या भेदाचा नमुनाच मानता येईल. एकाच लॅटिन मुळातून निघालेला शब्द मराठीत दोनदा आला. पहिल्यांदा 'त' घेऊन, दुसऱ्यांदा 'ट' घेऊन. 'बटाटा' आणि 'तिकीट' यांसारखे अपवाद आहेत. परंतु एकूण कल पाहता मराठी कान बधिर होता असे म्हणण्यास आधार उरत नाही. दोन परभाषांतील सूक्ष्म स्थानभेद त्याने ओळखला आणि आपल्या व्यवस्थेत नोंदविला.

इंग्रजी कानाचीही अशीच एक व्यवस्था होती. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींत कुर्ल्याचे नाव सी, दोन ओ, आर, एल, ए अशा अक्षरांनी लिहिलेले आढळते. इंग्रजीत 'यू' या अक्षराचा उच्चार बहुधा 'अ'सारखा होत असल्याने 'उ' दाखविण्यासाठी दोन 'ओ' घ्यावे लागले; त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक नाहीसा झाला. मधला 'र' कागदावर राहिला, परंतु दक्षिण इंग्लंडच्या बोलीत व्यंजनापूर्वीचा 'र' अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच लोपू लागला होता. म्हणजे असा इंग्रज ते लिखित नाव आपल्या वळणाने वाचील तर 'कूऽला' असे काही ऐकू येईल. ठाण्याची गत याहून उद्बोधक आहे. इंग्रजीत शब्दारंभीच्या आघातयुक्त 'टी'बरोबर श्वासाचा झोत येतो, पण त्याने अर्थ बदलत नाही. त्यामुळे 'ट' आणि 'ठ' हे दोन वर्ण आहेत हे इंग्रजी कानाला जाणवत नाही. 'ठाणे' म्हणूनच साध्या 'टी'ने लिहिले गेले आणि 'ण'च्या जागी दोन 'एन' आले. विल्यम जोन्स याने १७८८ मध्ये आशियाई शब्दांच्या रोमन लेखनाची पद्धत सुचविली होती. १८७० नंतर हंटरच्या पद्धतीने सरकारी लेखनाला शिस्त आली. रूढ झालेली मोठी नावे तिने तशीच ठेवली. पुण्याचे 'पूना' राहिले आणि कुर्ला सुधारले गेले. चुकीचे लेखन टिकण्याइतकी प्रसिद्धी कुर्ल्याला नव्हती, असा याचा अर्थ होतो.

मराठीतील इंग्रजी शब्दांचे येथे दोन थर पाडावे लागतात. पहिला थर कानाने आला. 'लाटसाहेब' या शब्दातील 'लाट' हा त्याचा ठळक दाखला होय. इंग्रजी उच्चारातील लोपलेला 'र' मराठीनेही घेतला नाही. जे ऐकले तेच धरले, आणि अंत्य व्यंजन अघोष केले. 'ठेसन', 'हापीस' हे शब्द याच वाटेने आले. दुसरा थर शाळा, छापखाना आणि कचेरी यांच्यामार्फत, म्हणजे डोळ्याने आला. 'लॉर्ड'मध्ये 'र' परत आला, 'हापीस'चे 'ऑफिस' झाले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विजेवरील गाडी ज्या मार्गाने धावली, त्या मार्गाचे नाव 'हार्बर' हेही याच थरातले. लंडनकडील सुशिक्षित उच्चारात या शब्दातील दोन्ही 'र' ऐकू येत नाहीत. मराठी प्रवासी दोन्ही स्पष्ट उच्चारतो, कारण त्याच्यापर्यंत शब्द पोहोचला तो अक्षरांतून. ज्याला मराठी वळणाची इंग्रजी म्हणून नावे ठेवली जातात, ते पुष्कळ अंशी वाचनातून घडलेले वळण आहे. ते अज्ञानातून आले नाही, शिक्षणातून आले.

परभाषेतील ध्वनी नेहमी जुन्या घरांतच बसतो असेही नाही. कधी नवी खोली बांधावी लागते. इंग्रजी 'बँक'मधील स्वर जीभ पुढे आणि खाली ठेवून, जबडा बराच उघडून उच्चारला जातो. जुन्या छपाईत तो 'ब्यांक' असा 'य'च्या आधाराने दाखविला जाई. पुढे अर्धचंद्राची योजना रूढ झाली आणि २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' व 'ऑ' यांना प्रमाण वर्णमालेत अधिकृत स्थान मिळाले. उलटपक्षी, 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतील तालव्य व दंततालव्य 'ज' हा अर्थभेदक फरक मराठीच्या अंगचा असूनही त्याला नित्य लेखनात चिन्ह मिळालेले नाही. लिपीतील जागा केवळ ध्वनीच्या महत्त्वावर ठरत नाही. त्या ध्वनीमागे कोणती प्रतिष्ठा उभी आहे, यावरही ती ठरते.

हा प्रतिष्ठेचा प्रश्न ध्वनिविज्ञानाच्या इतिहासातही आहे. स्थान आणि प्रयत्न यांवरून वर्णांची मांडणी करण्याची प्रातिशाख्ये व शिक्षाग्रंथांची पद्धती एकोणिसाव्या शतकातील युरोपीय अभ्यासकांना उपयोगी पडली. व्हिटनीची अथर्ववेद प्रातिशाख्याची आवृत्ती १८६२ ची आहे, आणि इंग्रजी ध्वनिविज्ञानावरील हे भारतीय ऋण फर्थ याने १९४६ मध्ये स्पष्टपणे मान्य केले. १८७७ साली हेन्री स्वीट याचा ध्वनिविज्ञानावरील ग्रंथ इंग्लंडात निघाला; त्याच वर्षी रा. गो. भांडारकर मुंबईत विल्सन व्याख्याने देत होते. पुढे ना. गो. कालेलकरांचे 'ध्वनिविचार' (१९५५) आणि मराठीच्या स्वनिमव्यवस्थेवरील अशोक केळकरांचा कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंध (१९५८) यांनी मराठी ध्वनींचे वर्णन आधुनिक पायावर आणले. स्वनिमाच्या संकल्पनेने एक गोष्ट निर्विवाद केली : प्रत्येक भाषा अर्थभेदक ध्वनींची आपली जाळी घेऊन ऐकते, आणि जाळी नसलेला कान कोणत्याच भाषेत नसतो.

तरीही दोन जाळ्यांचे भवितव्य सारखे झाले नाही. इंग्रजी कानाने जे ऐकले ते नकाशांवर, दप्तरांत आणि स्थानकांच्या पाट्यांवर चढले. मराठी कानाने जे ऐकले ते विनोदाचा विषय झाले. साहित्यसमीक्षेला या प्रश्नाशी कर्तव्य आहे ते येथे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील ध्वनिशास्त्रज्ञामागे स्वीटची छाया आहे हे शॉने स्वतःच सूचित केले आहे; त्या नाटकावर आधारलेली पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगभूमीवर आली. या रूपांतराला कथानकाइतकेच उच्चारांतील उच्चनीचतेचेही रूपांतर करावे लागले. लंडनमध्ये स्वर आणि 'ह' यांवरून माणसाचा वर्ग ओळखला जातो. मराठीत ते काम पुष्कळदा 'न' आणि 'ण' करतात. सामाजिक भेद तोच, पण त्याची खूण प्रत्येक भाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून निवडली जाते, हे त्यातून सिद्ध होते.

कथा-नाटकांतील पात्र 'ठेसन' किंवा 'हापीस' म्हणते तेव्हा वाचक हसतो आणि समीक्षक त्याची 'बोलीचा रंग' अशी नोंद करून पुढे जातो. वस्तुतः त्या शब्दात इंग्रजी प्रथम कोणी कोणाच्या तोंडून ऐकली आणि कोणाला ती पुस्तकातून शिकावयास मिळाली, याची साक्ष असते. 'हापीस' म्हणणाऱ्या पात्राशेजारी 'ऑफिस' म्हणणारे पात्र उभे असेल, तर त्या दोघांमध्ये शाळेचा उंबरठा आहे; आणि तो कोणाला ओलांडता आला नाही, हा प्रश्न शुद्धलेखनाच्या कक्षेत मावणारा नाही.