व्हीएफटीएस : परवान्याच्या सांगाड्यावर उभी राहिलेली लिथुआनियाची रॅलीगाडी

१९६६ साली फियाट आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला व व्होल्गाकाठी प्रचंड मोटार कारखान्याची उभारणी सुरू झाली. त्या शहराला इटालियन कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्यात्ती यांचे नाव १९६४मध्येच, म्हणजे कराराआधीच, देण्यात आले होते.

१९७०पासून तेथे तयार होऊ लागलेली गाडी मूळची फियाट १२४. परंतु ती निव्वळ नक्कल नव्हती. खडबडीत रस्ते ध्यानात घेऊन पत्रा जाड झाला, तळ जमिनीपासून उंच झाला, मागील डिस्क ब्रेकच्या जागी ड्रम ब्रेक आले. इंजिनही निराळे होते. (याच १२४चा स्पॅनिश अवतार पुढे कुर्ल्यात प्रीमियर ११८ एनई म्हणून बनू लागला; इंजिन मात्र निसानचे!)

या कुटुंबवत्सल गाडीतून स्पर्धक घडवला तो मॉस्कोने नव्हे, विल्निअसने. रॅलीपटू स्तासिस ब्रुंद्झा यांच्या कारखान्यात लाडा २१०५ नव्याने बांधली जाई. वजन कमी करण्यासाठी दारे आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे होते. १.६ लिटरच्या इंजिनावर दोन वेबर कार्ब्युरेटर बसले आणि शक्ती मूळच्या साधारण दुप्पट, सुमारे १६० अश्वशक्ती झाली. वेबर ही त्या काळी फियाटच्याच मालकीची कंपनी. इटलीशी नाते असे दुसऱ्यांदा जुळले.

‘व्हीएफटीएस’ म्हणजे ‘विल्निअस वाहन कारखाना’. नाव विल्निअसचे, पण आद्याक्षरे रशियन शब्दांची. त्या काळच्या लिथुआनियाची अवस्था याहून नेमकी क्वचितच कुठे सापडेल.

ग्रुप बी वर्गात मान्यतेसाठी २०० गाड्यांची अट होती आणि ही गाडी त्या वर्गात उतरलीही. मात्र तो काळ ऑडी क्वात्रोचा होता. चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या त्या टर्बो गाडीपुढे केवळ मागील चाकांवर धावणारी, टर्बोविना असलेली लाडा जागतिक विजेतेपदाच्या शर्यतीत नव्हतीच. तिचे खरे साम्राज्य पूर्व युरोपात होते. पाश्चात्त्य रॅलीगाड्या जेथे सहजी मिळत नसत, तेथे ती अनेक चालकांच्या आवाक्यातील गंभीर स्पर्धक ठरली.

मे १९८६मध्ये कोर्सिकातील रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि सहचालक सेर्जियो क्रेस्तो यांचा मृत्यू झाला. तो मोसम संपताच ग्रुप बी जागतिक रॅलीतून हद्दपार झाला. हंगेरीत मात्र ऐतिहासिक रॅलींमध्ये या चौकोनी लाडा आजही जंगलवाटांवर आडव्या घसरत धावतात आणि प्रेक्षक त्यांच्यासाठी थांबून राहतात.