घरच्या घरी मोटारीची पहिली देखभाल

मोटारीची नियतकालिक देखभाल, म्हणजेच सर्व्हिसिंग, गॅरेजमध्येच होऊ शकते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात इंजिन ऑइल व फिल्टर बदलणे आणि कूलंट, बॅटरी व टायर तपासणे ही कामे मोटारमालकास घरीही करता येतात. कोणते काम स्वतः करावे आणि कोणते तंत्रज्ञावर सोपवावे, याचे भान मात्र प्रथमपासून असणे आवश्यक आहे.

लोकसंख्येच्या तुलनेत नोंदणीकृत वाहनांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशातील शहरांत चंदीगडची गणना होते. नोकरी वा बदलीनिमित्त तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तेथील हवामानाचा विचार करावा लागतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, पावसाळ्यापूर्वी धुळीची वादळे येतात आणि डिसेंबर-जानेवारीत थंडी व दाट धुके असते. शहरातून सुमारे ११५ किलोमीटरवरील सिमल्याकडे जाताना मोटारीला जवळपास १,८०० मीटरची चढण पार करावी लागते. त्यामुळे देखभालीतील हयगय येथे लवकर उघडी पडते.

पूर्वतयारी

सर्वप्रथम मोटारीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका वाचावी. ऑइलची श्रेणी व प्रमाण, टायरमधील हवेचा दाब आणि देखभालीचे अंतर त्यात दिलेले असते. आरंभीच्या मारुती ८०० साठी योग्य असलेले जाड ऑइल आजच्या इंजिनास चालेलच असे नाही. अनेक नव्या मोटारींना ५डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ श्रेणीचे ऑइल लागते. वॉरंटी शिल्लक असल्यास तिच्या अटी आधी पाहाव्यात. ऑइल व फिल्टर खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि वहीत तारीख व किलोमीटरची नोंद करावी.

सर्वांत मोठा धोका

मोटारीखाली काम करताना केवळ जॅकवर कधीही विसंबू नये. मोटारीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. तो घसरल्यास खालील व्यक्तीच्या जिवावर बेतू शकते. जागा सपाट व पक्की असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, जमिनीवरील चाकांना अडण लावावी आणि पुस्तिकेत दाखविलेल्या ठिकाणीच मोटार मजबूत स्टँडवर टेकवावी. उन्हाने मऊ झालेले डांबर अथवा बागेची माती यांवर मोटार उचलू नये. घरातील दुसरी व्यक्ती जवळ असावी. असे स्टँड नसल्यास ऑइल बदलण्याचे काम गॅरेजकडेच द्यावे.

ऑइल बदलण्याची पद्धत

इंजिन काही मिनिटे चालवून ऑइल कोमट करावे. ते कढत असताना बोल्ट काढू नये. खाली पसरट भांडे ठेवून निचऱ्याचा बोल्ट सोडवावा व ऑइल पूर्ण निथळू द्यावे. बोल्ट नवीन वॉशर लावून आधी हाताने फिरवावा आणि मग पान्याने बेताने आवळावा, कारण जादा जोर लावल्यास आटे खराब होतात. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे पाहावे. नव्या फिल्टरच्या कडीस ऑइलचे बोट लावून तो हातानेच घट्ट बसवावा.

त्यानंतर पुस्तिकेतील प्रमाणापेक्षा किंचित कमी ऑइल भरून इंजिन सुरू करावे. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. गळती नसल्याची खात्री करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. ऑइल जास्त भरणेही हानिकारक असते, कारण फिरत्या भागांच्या घुसळणीने त्यात फेस होतो व वंगण नीट मिळत नाही.

इतर तपासणी

एअर फिल्टर : धुळीच्या मोसमानंतर तो अवश्य पाहावा. कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींत तो तुंबल्यास पेट्रोल अधिक लागते. फ्युएल इंजेक्शनच्या मोटारींत मुख्यतः वेग घेण्याची क्षमता घटते.

कूलंट : इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळता द्रव उसळून भाजण्याचा धोका असतो. नळाचे पाणी भरल्यास क्षार साचतात. पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट वापरावे.

बॅटरी : उन्हाळ्याच्या उष्णतेने बॅटरी झिजते आणि तिची दुर्बलता थंडीत, पहाटे इंजिन सुरू करताना जाणवते. मोटार काही तास उभी राहिल्यावर पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. जोडणी काढताना ऋण टोक प्रथम काढावे व लावताना शेवटी लावावे.

टायर : हवेचा दाब टायर थंड असताना मोजावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उतरल्यास टायर बदलावा.

धुलाई : उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याने मोटार धुण्यावर चंदीगड महानगरपालिका निर्बंध घालते व उल्लंघन झाल्यास दंड आकारते. बादली व ओले फडके यांनी काम भागते.

ही कामे घरी करू नयेत

ब्रेकची द्रवप्रणाली, एअरबॅग, सीएनजी संच आणि विजेवरील मोटारींतील नारिंगी आवरणाच्या उच्चदाब तारा यांना हात लावू नये. ब्रेक पॅडलवर पाय दिल्यावर ते मऊ वाटले किंवा ब्रेक ऑइलची पातळी घटलेली दिसली, तर मोटार तज्ज्ञास दाखवावी. घाटात जाण्यापूर्वी हे विशेषत्वाने पाळावे. सीएनजी टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी अधिकृत केंद्रात करून घेणे बंधनकारक आहे.

टाकाऊ ऑइलची विल्हेवाट

वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात, मातीत वा पावसाच्या पाण्याच्या नाल्यात ओतू नये. झाकणबंद डब्यात साठवून ते अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोहोचविणाऱ्या सर्व्हिस केंद्रास द्यावे. जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

पहिल्या देखभालीनंतर साधारण ५० किलोमीटर मोटार चालवून ऑइलची पातळी पुन्हा पाहावी व मोटार उभी असलेल्या जागी डाग पडला आहे का, हे तपासावे. डाग आढळल्यास कारण समजेपर्यंत लांबचा प्रवास टाळावा.