पायलीपासून बुलेट थाळीपर्यंत

स्मरणिका समितीने 'आपल्या परिसराचा इतिहास' यावर काहीतरी लिहा म्हणून सांगितलं. घोरावडेश्वराची लेणी आहेत, तळेगावचा पैसा फंड काच कारखाना आहे. त्यावर आपल्या सोसायटीतले जाणकार लिहितीलच. माझं आयुष्य शाळा आणि स्वयंपाकघर यांच्यात गेलं. म्हणून मी ताटाचा इतिहास लिहिते. माणसाच्या पानात किती वाढायचं हे कोण ठरवतं, एवढाच प्रश्न आहे. पण गेली काही वर्षं तो आमच्या घरात रोज दोन वेळा पडतो.

माझ्याकडे सासूबाईंचं एक पितळी मापटं आहे. सध्या त्यात पेनं आणि लाइटबिलं असतात. आमचं मूळ गाव पवन मावळातलं, भाताचं. तिथे धान्य तोलत नसत, मापत असत. २ चिपटी म्हणजे एक मापटं, २ मापटी म्हणजे शेर, ४ शेरांची पायली, १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. नातवंडांना हे सांगितलं तर ती हसतात. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, दुकानात किलो आले, तरी सासूबाईंचं मापटं काही सुटलं नाही. घरात आम्ही ११ माणसं. एरवी भाकरीबरोबर एका वेळेला एक मापटं तांदूळ पुरायचे. लावणीच्या दिवसांत मात्र दोन. चिखलात दिवसभर वाकून आलेल्या माणसाची भूक वेगळी, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. पावसाने काम बंद असलं की मापट्यातले मूठभर तांदूळ परत कणगीत जायचे. म्हणजे माप एकच, पण रोज ते हाताने कमीजास्त व्हायचं. माणसं बघून.

माणसं न बघता माप ठरवायची वेळ सरकारवर आली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि माणशी धान्य कार्डावर लिहून यायला लागलं. पुढे १९६५ साली शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं, तेव्हा सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहायची. आमचे वडील त्यानंतरही कितीतरी वर्षं सोमवारी रात्री जेवले नाहीत. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो आपल्यातल्या साठीपुढच्या सगळ्यांनाच आठवत असेल. त्या पिढीला ताटात टाकलेलं बघवत नाही, आणि 'आता पुरे' असं म्हणताही येत नाही. आमच्या घरी हे दोन्ही आहे.

मग आलं कारखान्याचं ताट. याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, पण आपल्या सोसायटीच्या इतिहासात ते पहिल्या पानावर हवं, कारण आपले निम्मे संस्थापक सभासद त्याच ताटावर पोसले. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणे २५० पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅंटीन लावायला सांगता येत असे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डी-चिंचवडला एकेक कंपनी उभी राहिली, आणि मावळातला माणूस लोकलने तिकडे जाऊ लागला. आमच्या ह्यांनी आकुर्डीच्या एका कंपनीत ३१ वर्षं काढली. स्टीलचं खाचांचं ताट, नाममात्र पैशाचं टोकन, आणि अर्ध्या तासात जेवून मशीनवर परत. पोळ्या मागाल तेवढ्या. पंचविशीत लागलेली ती जेवणाची सवय साठीपर्यंत तशीच राहिली. काम खुर्चीवरचं झालं तरी ताट लावणीचंच राहिलं, असं मी त्यांना म्हणायचे.

मुंबईत याच कामगारांसाठी बायकांनी खाणावळी चालवल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तो इतिहास मोठा आहे. इथे एवढंच सांगते, की खाणावळवाली बाई प्रत्येक मेंबरची भूक ओळखून असे. ती त्याच्याकडून महिन्याचे पैसे घेई. रोजच्या ताटाचा हिशेब तिच्या डोक्यात असे. हॉटेलला हे जमणं अवघडच. तिथे गिऱ्हाईक रोज नवं, त्यामुळे सगळ्यांना एकच ताट, आणि ते कुणालाच कमी पडू नये म्हणून मोठं.

आपण इथे राहायला आलो त्याच सुमारास एक्स्प्रेस-वे झाला. २००२ मध्ये तो पूर्ण सुरू झाला आणि मुंबईच्या गाड्या शनिवार-रविवारी इकडे लोटू लागल्या. जुन्या हायवेवर पूर्वी चहा-भजी मिळायची, तिथे पाट्या लागल्या: अनलिमिटेड, फॅमिली थाळी, महाथाळी. याचं टोक गाठलं गेलं आपल्यापासून दोन स्टेशनं पुढे. जानेवारी २०२१ मध्ये वडगाव मावळच्या 'शिवराज' हॉटेलने बुलेट थाळी काढली. साधारण ४ किलोचं मांसाहारी ताट, किंमत २,५०० रुपये, आणि एकट्याने ६० मिनिटांत संपवलं तर बुलेट मोटारसायकल बक्षीस. हॉटेलबाहेर गाड्या रांगेत उभ्या करून ठेवल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या एकाने ती जिंकलीसुद्धा! लॉकडाउनने बसलेला धंदा उठवायची ती शक्कल होती आणि ती चालली. मी नावं ठेवत नाही. आमचा नातू तेव्हा हट्ट धरून बसला होता.

पण त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, २६ जानेवारी २०२० ला, महाराष्ट्र सरकारने १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली होती. तिचं माप कागदावर आहे: ३० ग्रॅमच्या २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. मी बेरीज केली, ४१० ग्रॅम झाले. बुलेट थाळीच्या साधारण दहावा हिस्सा. एकाच राज्यात, एका वर्षाच्या अंतराने. मध्ये २०१७ साली केंद्रात रामविलास पासवान यांनी हॉटेलातल्या ताटाचं प्रमाण ठरवून द्यायचा विचार बोलून दाखवला, तेव्हा एवढी ओरड झाली की सक्ती करणार नाही असा खुलासा करावा लागला. आमच्या कट्ट्यावरही ओरडणारे होतेच. मी मात्र पासवानांच्या बाजूने होते, त्याचं कारण सांगते.

२०१६ मध्ये ह्यांची बायपास झाली. त्यानंतर भूक जी कमी झाली ती परत आलीच नाही. वाढदिवसाला मुलाने पुण्यात एका थाळीच्या हॉटेलात नेलं. 'एका थाळीत दोघांनी जेवू नये' अशी पाटी होती, म्हणून प्रत्येकाची वेगळी थाळी घेतली. वाढपी पोरगं प्रेमाने वाढत होतं, हे हात आडवा धरत होते, आणि तरी पान भरत होतं. शेवटी ह्यांच्या ताटातली पुरी मी उचलली, तर मॅनेजर येऊन उभा राहिला. कुणी काही वाईट बोललं नाही. पण घरी येताना गाडीत हे म्हणाले, "माझं पोट आता चिपट्याएवढं झालंय, आणि माप सगळीकडे पायलीचं." त्यानंतर आम्ही बाहेर जेवायला जाणं जवळजवळ सोडलं.

घरीही सोपं नव्हतं. दोघांसाठी रांधायला मला नव्याने शिकावं लागलं. कुकरचे माझ्यावर उपकार आहेत. ३० वर्षं सकाळची लोकल मी त्याच्याच जिवावर गाठली. पण अर्धी वाटी इंद्रायणी कुकरला लावली की तिचा गोळा होतो. इंद्रायणी आपल्या वडगावच्या संशोधन केंद्रातली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून १९८७ साली आलेली. वास आजोळचा आणि चिकटपणाही तसाच. तिला जाड बुडाचं पातेलं, मंद आच आणि झाकणावर पाण्याचं भांडं लागतं. शीत दाबून बघायचं आणि वेळेवर उतरवायचं. सासूबाई हेच चुलीच्या वैलावर करत. पावटे रात्री भिजवून सकाळी वैलावर ठेवले की जेवणापर्यंत आपोआप शिजत. आमच्या मजल्यावर एका घरी डॉ. आनंद कर्व्यांच्या 'आरती' संस्थेचा सराई कुकर आहे. शंभरेक ग्रॅम कांडी कोळशावर चार-पाच जणांचं जेवण सावकाश होतं, तोही त्याच जातीचा. दीड तास भात-आमटीचा वास घरात फिरला की ह्यांना थोडीफार भूक लागते, हा माझा अनुभव. मुद्दलात भूकच कमी असेल, तर तिच्यासाठी एवढं थांबायला आता आम्हाला वेळ आहे.

जाता जाता रौप्यमहोत्सवाच्या जेवणाबद्दल. आपलं पहिलं स्नेहभोजन गच्चीवर झालं तेव्हा १८ कुटुंबं होती, आणि कोण किती जेवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा केटरर प्लेटवर पैसे घेणार, मोठ्याची आणि लहानाची प्लेट एकच. सभेत यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी ज्येष्ठांसाठी आणि मुलांसाठी अर्ध्या ताटाचं हिरवं कूपन ठेवायचं ठरलं आहे, ते ऑफिसात मिळेल. मागून घ्यायला लाजू नका. त्या टेबलावरचा इंद्रायणीचा भात आम्ही चौघी जणी पातेल्यात, खाली पार्किंगमध्येच करणार आहोत. किती जण त्या टेबलावर येणार ते गुरुवारपर्यंत कळवा, म्हणजे मापट्यातली पेनं काढून ते घासून ठेवता येईल.