खापर आणि तंदूर : दौलताबादच्या अन्नाचा इतिहास

एखाद्या स्थळाचा इतिहास तेथील तटांत, दरवाजांत आणि शिलालेखांत शोधावयाचा, अशी आपली जुनी रीत आहे. दौलताबादला येणारा प्रवासी हीच रीत पाळतो. तो चांदमिनार पाहतो, खंदक ओलांडतो, अंधारी चांचपडत पार करतो, माथ्याजवळच्या बारादरीपर्यंत चढतो, आणि खालीं उतरल्यावर भूक लागली म्हणून समोर दिसेल तें खाऊन परत फिरतो. अन्न ही त्याच्या दृष्टीनें प्रवासाची सोय असते. इतिहासाचा भाग नसतो. परंतु या दुर्गाचें भाग्य शस्त्रांइतकेंच अन्नानेंही ठरविलें आहे, आणि त्याच्या पायथ्याशीं आलेल्या व गेलेल्या राजवटींची एक फार टिकाऊ खूण येथील चुलींत शिल्लक आहे.

प्रथम दुर्गाचीच गोष्ट घ्यावी. देवगिरी ही यादवांची राजधानी. इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् चालून आला, तेव्हां रामदेवराव यादव किल्ल्याच्या आश्रयास गेला. सतराव्या शतकाच्या आरंभीं लिहिणारा इतिहासकार फिरिश्ता सांगतो कीं, कोंकणांतून आलेल्या व्यापाऱ्यांचीं पोतीं धान्याचीं समजून घाईघाईनें किल्ल्यांत नेण्यांत आलीं. पुढें तीं उघडलीं, तेव्हां आंत मीठ निघालें. ही हकीकत प्रसंगानंतर तीनशें वर्षांनीं लिहिली गेली, हें ध्यानांत ठेवून तिच्या तपशिलाकडे सावधपणें पहावें. तथापि तिच्यांतील मर्म खोटें नाहीं. ज्या कड्याला शत्रूची शिडी लागत नाहीं, तो कडा रिकाम्या कोठाराचें रक्षण करूं शकत नाहीं.

त्या मर्माची साक्ष पुढें याच किल्ल्यानें पुन्हां दिली. इ. स. १६३३ मध्यें शहाजहानाचा सेनापति महाबतखान यानें दौलताबादला वेढा दिला. आंत निजामशाहीचा वजीर, मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान होता. बाहेरचे कोट सुरुंगांनीं फुटले, हें खरें. परंतु आंतल्या बालेकिल्ल्याची गोष्ट निराळी होती. १६३० ते १६३२ या वर्षांतील भयंकर दुष्काळानें दख्खन आधींच होरपळली होती. बाहेरून रसद येईना, आंतील धान्य संपलें, आणि कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर फत्तेखानानें किल्ला स्वाधीन केला. या डोंगराची उंची दोन्ही वेळां तीच होती. उणीव पडली ती शिधासामग्रीची.

आतां यादवकालीन ताटाकडे वळावें. यादव प्रथम कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते, आणि त्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर तिसरा या राजानें इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यांतील अन्नभोग या प्रकरणांत मंडक नांवाच्या पदार्थाची कृति आहे. गहूं धुवून, वाळवून दळावे, पीठ चाळावें, तूप व मीठ घालून मळावें, गोळा हातांनीं पसरावा आणि तापलेल्या खापरावर भाजावा. हाच आपला मांडा. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईनें मांडे भाजले, ही कथा ज्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्या समाजाच्या घरांत मांडा आणि तो भाजण्यासाठीं लागणारें खापर किती परिचित असलें पाहिजे! खानदेशांत आजही पुरणाचे मांडे पालथ्या खापरावर भाजले जातात. मांडा दोन्ही हातांवर झेलीत पातळ करणारी सुगरण पाहिली, म्हणजे आठशें-नऊशें वर्षांपूर्वीच्या त्या कृतीला वेगळ्या भाष्याची गरज उरत नाहीं.

मांडा हा अर्थातच सणासुदीचा. रोजचें अन्न जोंधळ्याचें आणि बाजरीचें. यादवांचा मंत्री हेमाद्रि, ज्याला लोक हेमाडपंत म्हणतात, त्यानें महाराष्ट्रांत बाजरी आणली अशी एक समजूत आहे. परंतु बाजरीचे जळके दाणे दख्खनमधील उत्खननांत हेमाद्रीच्या कितीतरी शतकें आधींच्या थरांत सांपडले आहेत. म्हणजे शेतकऱ्यानें पिकविलेल्या धान्याचें श्रेय लोकस्मृतीनें एका प्रसिद्ध मंत्र्याच्या पदरांत टाकलें. अन्नाला मोठ्या माणसाचें नांव जोडण्याची ही हौस ध्यानांत ठेवावी. कारण पुढें एका सुलतानाच्या बाबतींतही तोच प्रकार दिसतो.

इ. स. १३१८ मध्यें यादवांचें राज्य दिल्लीच्या सलतनतींत विलीन झालें, आणि १३२७ मध्यें महंमद तुघलकानें देवगिरीला दौलताबाद हें नांव देऊन आपल्या राज्याची दुसरी राजधानी केली. या स्थलांतराची वर्णनें अंगावर कांटा आणणारीं आहेत. सारी दिल्ली ओस पडली, असें जुने लेखक सांगतात. अलीकडचे संशोधक मात्र असें मानतात कीं, मुख्यतः सरदार, अधिकारी, विद्वान्, सूफी आणि त्यांचे परिवार यांनाच हलविण्यांत आलें. तथापि सरदाराच्या परिवारांत आचारी असतो, पाणक्या असतो, दासी असतात, लहान मुलें असतात. त्यांच्या इच्छेचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दिल्ली ते दौलताबाद हें अंतर चाळीस दिवसांचें होतें, असें इब्न बतूता लिहितो. तो गेला तेव्हां वाटेवर दुतर्फा झाडी होती आणि टप्प्याटप्प्यावर प्रवाशाला हवें तें मिळत होतें. पण स्वखुशीनें निघालेल्या प्रवाशाला जो रस्ता बागेसारखा वाटतो, तोच घर सोडावें लागलेल्या माणसाला तसा वाटत नाहीं.

या माणसांनीं आपल्याबरोबर काय आणलें? घरें आणतां येत नव्हतीं, विहिरी आणतां येत नव्हत्या. हातांतली कला आणि जिभेवरची चव मात्र आणतां आली. इब्न बतूतानें मुलतानहून दिल्लीकडे येतांना वाढल्या गेलेल्या मेजवानीचें वर्णन केलें आहे. त्यांत पातळ रोट्या आहेत, भाजलेलें मांस आहे, बदाम-पिस्ते व मसाला घातलेल्या खिम्याचे समोसे आहेत, आणि तुपांतला भात व त्यावर कोंबडी आहे. हें उत्तरेच्या श्रीमंत वर्गाचें ताट. त्याच उत्तरेकडील पाकपरंपरेंतला तंदूर पुढें दख्खनच्या या भागांतही रुजला.

येथें दोन भट्ट्यांची तुलना करण्याजोगी आहे. खापर आणि तंदूर हीं दोन्ही मातीचींच. खापर पालथें असतें, विस्तव त्याच्या पोटांत असतो आणि मांडा त्याच्या पाठीवर पसरतो. तंदूर उभा असतो, विस्तव त्याच्या तळाशीं असतो आणि नान त्याच्या पोटांत, आंतल्या भिंतीला चिकटतो. खापरावर एका वेळीं एकच मांडा होतो. तंदुरांत एका तापवणींत नानामागून नान निघत राहतात. म्हणून खापर हें घराचें साधन आहे आणि तंदूर हा बाजाराचा, छावणीचा व पंगतीचा सोबती आहे. दोहोंनाही गहूंच लागतो. जोंधळ्याच्या पिठाला गव्हासारखी चिवट ताण नसते. त्यामुळें तें फुगवून भिंतीला चिकटविण्याऐवजीं थापून तव्यावर टाकावें लागतें. नान आणि भाकरी यांच्यांतील भेद धर्मानें ठरविण्याच्या आधीं पिठानें ठरविला आहे.

या पार्श्वभूमीवर नान-खलिया या पदार्थाचा विचार करावा. दौलताबादपासून सुमारें १५ किलोमीटरवर असलेल्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, हा पदार्थ घरच्या लग्नांत आणि जुन्या वस्तींतील खाणावळींत आजही मोठ्या प्रेमानें खाल्ला जातो. नान आंबवलेल्या पिठाचा, जाडसर, पुष्कळदां पिवळसर झांक असलेला. खलिया म्हणजे मोठ्या देगींत संथपणें शिजविलेल्या मांसाचा, वर तर्री आलेला पातळ रस्सा. महंमद तुघलकाच्या फौजेसाठीं हें अन्न प्रथम दौलताबादच्या छावणींत शिजलें, अशी लोकपरंपरा आहे. एक देग आणि एक तंदूर यांवर शेंकडों माणसें जेवूं शकतात, हें पाहतां ती परंपरा असंभाव्य नाहीं. परंतु हेमाद्रीच्या बाजरीप्रमाणेंच तीही पारखून घ्यावी.

खलिया हा शब्द अरबी आहे आणि तो तळण्या-परतण्याच्या धातूपासून आला आहे. अकबराच्या काळीं अबुल फज्लानें ‘आईन-इ-अकबरी’ लिहिली, तिच्यांत मांसाच्या पदार्थांमध्यें कलिया आहे. म्हणजे हें नांव एकट्या दौलताबादचें नाहीं. तें एका विस्तृत पाकपरंपरेचें आहे. शिवाय आजच्या खलियाला जो लाल रंग आणि जो तिखटपणा असतो, तो मिरचीचा आहे. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज व्यापारामुळें ती सोळाव्या शतकांत आपल्याकडे आली. तुघलकाच्या शिपायाच्या रश्श्यांत फार तर मिरीं, पिंपळी आणि आलें यांचा तिखटपणा असेल. आजचा खलिया त्यानें चाखला असता, तर त्याला नान ओळखीचा वाटला असता. रस्सा मात्र परका वाटला असता. एका पदार्थांत अशीं दोन-तीन शतकें एकमेकांत मिसळलेलीं असतात. त्याचें जन्मवर्ष सांगण्याचा आग्रह धरूं नये.

आलेल्यांच्या ताटाबरोबर येथल्यांचें ताटही पहावें. इ. स. १३४२ मध्यें चीनला वकील म्हणून निघालेला इब्न बतूता दौलताबादेस आला. पुढें नंदुरबारास पोंचल्यावर त्यानें तेथील मराठी उच्चवर्णीयांच्या जेवणाची नोंद केली: भात, भाज्या आणि तिळाचें तेल, प्राण्याला पीडा देणें त्यांना आवडत नाहीं, जेवणापूर्वीं ते स्नान करतात. परक्या माणसाच्या नजरेनें टिपलेलें हें साधें चित्र मोलाचें आहे. मात्र तें सर्व समाजाचें चित्र नव्हे; ‘मानसोल्लासां’तच मांसाच्या कित्येक कृति आहेत. तिळाचें तेल, डाळी, जोंधळा यांवरची ही स्वयंपाकाची परंपरा मराठवाड्यांत खंडित झाली नाहीं. भाजलेलीं धान्यें, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेल्या येसराची आमटी येथील लग्नाच्या पंगतींत आजही वाढतात. आणि थंडींत कोंवळ्या जोंधळ्याचा हुरडा शेतांतच भाजून चटणीबरोबर खातात. या पदार्थांना कोणत्याही राजाचें नांव चिकटलेलें नाहीं.

राजधानीचा प्रयोग फसला. कांहीं वर्षांतच सुलतानानें लोकांना दिल्लीस परतण्याची मोकळीक दिली. कित्येक परतले, कित्येक राहिले. इ. स. १३४७ मध्यें दौलताबादेस हसन गंगू यानें बहामनी राज्याची द्वाही फिरविली, ती याच राहिलेल्या अमीरांच्या बळावर. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हेही येथेंच राहिले आणि १३३७ मध्यें वारले. त्यांची समाधि जवळच खुलताबादेस आहे. आल्यागेल्याला जेवूं घालणें हा चिश्ती सूफींच्या आचाराचाच भाग होता. राहिलेल्या या लोकांच्या बोलण्यांतून आणि दख्खनच्या भाषांच्या सहवासांतून दखनी भाषा घडली. जी गोष्ट भाषेची, तीच अन्नाची. आज्ञापत्रानें आणलेली राजधानी आज्ञापत्रानें गेली. परंतु शेजाऱ्यानें शेजाऱ्याकडून उचललेला शब्द आणि मसाला परत घेण्याचें आज्ञापत्र कोणत्याही सुलतानाजवळ नव्हतें.

फळांची कथाही अशीच मिश्र आहे. दौलताबादचीं द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोनदां येतात, असें इब्न बतूतानें कौतुकानें लिहिलें. आज शरद् ऋतूंत किल्ल्याच्या रस्त्यावर टोपल्या भरून सीताफळें विकावयास बसतात. सीतेचें नांव धारण करणारें हें फळ मिरचीप्रमाणेंच अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतलें. परंतु या खडकाळ, कोरड्या उतारांना तें असें मानवलें कीं, वनवासांतील सीतेशीं त्याचें नातें जोडतांना लोकांना कांहींच खटकलें नाहीं.

दौलताबादला जाणाऱ्या प्रवाशानें म्हणून एक दिवस जरा हिशेबानें खर्चावा. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं किल्ला पहावा. उतरल्यावर पायथ्याशीं जोंधळ्याची भाकरी, पिठलें आणि ठेचा यांचें जेवण करावें, आणि ठेच्यांतली मिरची तेवढी यादवांनंतरची, हें आठवावें. थंडीचे दिवस असतील तर हुरडा, शरद् ऋतु असेल तर सीताफळ सोडूं नये. संध्याकाळीं शहरांत येऊन, मांसाहार चालत असल्यास, नान-खलिया मागावा. तंदुरांतून नान निघतांना भट्टीजवळ क्षणभर उभें राहावें. मांडे खावयाचे असतील तर खानदेशांत जाऊन, खापर पेटलेलें असतांनाच खावे. यांतील कोणता पदार्थ मूळचा आणि कोणता उपरा, असा वाद जेवतांना निघाला, तर धान्याच्या वाटा आठवाव्या: जोंधळा फार प्राचीन काळीं आफ्रिकेतून आला, गहूं पश्चिमेकडून आला, मिरची समुद्रापलीकडून आली. या डोंगराच्या पायथ्याशीं त्यांना एकत्र शिजविणारे हात मात्र येथलेच आहेत. कांहीं पूर्वींपासून येथें असलेले, आणि कांहीं चाळीस दिवस चालून येथले झालेले.