प्रकाशाच्या तंतूपासून एचडीएमआयपर्यंत

१९८२ साली जपानमध्ये कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीला आली. डिस्कवर आवाज आकड्यांत साठवलेला असे, पण प्लेअरमधून ॲम्प्लिफायरकडे जाताना तो पुन्हा ॲनालॉग होऊन तांब्याच्या तारेतूनच निघे. १९८३मध्ये तोशिबाने 'टॉसलिंक' आणली. प्लॅस्टिकच्या बारीक तंतूतून लाल प्रकाशाची अतिवेगवान उघडझाप धावते आणि पलीकडचे यंत्र त्यातून आकडे वाचते. दोन यंत्रांत विजेचा संबंधच नसल्याने अर्थिंगच्या घोळातून स्पीकरमध्ये शिरणारी गुणगुण या वाटेने येऊच शकत नाही. इतका साधा आणि देखणा उपाय क्वचितच सुचतो.

चित्राला मात्र बरीच वर्षे थांबावे लागले.

१९९९मध्ये संगणकाच्या पडद्यांसाठी डीव्हीआय आली, पण तिच्या आराखड्यात आवाजाला जागा नव्हती. अखेर सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची यांच्यासह सात कंपन्यांनी डिसेंबर २००२मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती जाहीर केली. १९ पिनांच्या एकाच केबलमधून चित्र आणि आवाज दोन्ही! सोबत नक्कल रोखणारे एचडीसीपीचे कुलूपही आले. त्याचा जाच प्रामाणिक ग्राहकालाच अधिक झाला, कारण ते न ओळखणाऱ्या जुन्या टीव्हीवर विकत घेतलेला चित्रपटही दिसेना.

२००९च्या १.४ आवृत्तीतील एआरसीमुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत जाऊ लागला. डॉल्बी ट्रूएचडीसारख्या अस्सल दर्जाच्या आवाजासाठी २०१७च्या २.१ आवृत्तीतील ईएआरसी यावी लागली.